समोर ठेवलेला पेला

१

सकाळी संग्रहालयाचं दार उघडलं की मी आधी पुतळ्यांची तोंडं पुसतो. हे काम खरं तर झाडूवाल्याचं, पण तो ओलं फडकं मारतो आणि रंगाचे पोपडे निघतात. मला ते बघवत नाही. गेली कित्येक वर्षं मी या पिवळ्या दगडाच्या घरात परदेशी लोकांना आमच्या साल्त गावच्या चालीरीती दाखवतो आहे. घरी बायकोशी बोललो नसेन तेवढा या प्लास्टरच्या माणसांबद्दल बोललो आहे.

वरच्या मजल्यावरची बैठक सगळ्यांना आवडते. तिथे एका भिंतीला गाद्यांवर मुलीला मागणी घालायला आलेले पाहुणे बसलेत. मधोमध त्यांचा म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, ओठ घट्ट मिटलेला. त्याच्यासमोर जमिनीवर कॉफीचा बिनकानाचा छोटा पेला. तळाशी खोटी कॉफी, कारखान्यातच ओतून वाळवलेली, चकचकीत. पेला हातात नाही, खाली आहे, कारण म्हाताऱ्याला काहीतरी मागायचं आहे. आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस कॉफीला तोंड लावत नाही. यजमानानं म्हणायचं, "कॉफी घ्या, ज्यासाठी आलात ते दिलं." मगच तो पितो. आणि यजमान हे म्हणतो ते मागणं ऐकायच्या आधी. अशी आमची ऐट.

समोरची यजमानाची गादी रिकामीच आहे. मुलीच्या बापाचा पुतळा राजधानी अम्मानच्या कारखान्यातून यायचा राहून गेला, मग बापाचं काम माझ्याकडे आलं. घरून आणलेला उंटाच्या लोकरीचा झगा मी खांद्यावर टाकतो आणि तिथे बसतो. झग्याच्या काठाला हयामच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, इस्त्रीचा त्रिकोणी डाग आहे. तो मी मांडीखाली दाबून घेतो.

बैठकीच्या टोकाला पडदा आहे. त्याच्यामागे बायकांची खोली. जुने, लांबच लांब काळे पायघोळ पोशाख घातलेल्या प्लास्टरच्या बायका तिथे नवरीला सजवायला बसल्या आहेत. नवरीच्या जागी नुसता आरसा ठेवलाय. पर्यटक बायका त्यात स्वतःला बघून हसतात.

२

त्या दिवशी आलेला गट अगदी शिणलेला होता. गावाच्या पायऱ्या चढून सगळ्यांचे चेहरे लाल झाले होते. एरवी मी त्यांच्यातल्याच एकाला म्हाताऱ्याशेजारी बसवतो, त्याच्यासमोर खरा पेला ठेवतो आणि थोडं नाटक करतो. त्या दिवशी कोणी उठेना.

"मग या म्हाताऱ्यालाच विचारू," मी म्हणालो.

टोपीवाली एक बाई फोन समोर धरून चित्रण करत होती. तिनं विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे की. एकच आहे. शदा. रुग्णालयात परिचारिका आहे."

"मग खोटं खोटं कशाला? तिचं नाव घेऊन म्हणा ना. जास्त मजा येईल."

मला माणसं हसवायला आवडतं, हा माझा रोग आहे. मी झगा सावरला, छातीवर हात ठेवला आणि त्या प्लास्टरच्या दाढीकडे बघून आमच्या भाषेत खणखणीत आवाजात म्हणालो, "कॉफी घ्या, मोठे बाबा. माझी शदा तुम्हाला दिली."

सगळे हसले, टाळ्याही झाल्या. टोपीवाल्या बाईनं ते पुन्हा म्हणायला लावलं, कारण पहिल्या वेळी तिचा फोन हलला होता. मी पुन्हा म्हणालो.

३

दुसऱ्या दिवशी तोंडं पुसताना मी म्हाताऱ्यासमोर वाकलो, तर पेल्यातली खोटी कॉफी गायब होती. तळाला ओलसर, हिरवट गाळ चिकटलेला होता आणि त्याला आमच्या खऱ्या कॉफीसारखा वेलदोड्याचा वास येत होता.

खाली तिकीट-खिडकीत इताफ बसते. तिची जीभ कात्रीसारखी चालते. मी पेला नेऊन तिच्यापुढे ठेवला.

"ही कोणाची थट्टा?"

"मला काय विचारतोस, अबू शदा?" ती म्हणाली. आमच्याकडे माणसाला मुलांच्या नावानं हाक मारतात, म्हणून मी शदाचा बाप. "तू रोज उठून त्याच्यापुढे बडबडतोस. घसा तुझा कोरडा पडायचा तो त्याचा पडला."

"इताफ, मी गंमत करत नाहीये."

"अरे, पर्यटकांनी नेली असेल उचकटून. मागच्या वर्षी उंटाच्या खोगिराचा गोंडा नेला, आठवतंय ना? हे लोक देवालाही खिशात घालून नेतील."

ते पटण्यासारखं होतं. खोटी कॉफी नेली, आणि कोणीतरी आपली उरलेली खरी त्यात ओतली. मी पेला धुऊन जागेवर ठेवला. मात्र म्हाताऱ्याचं तोंड पुसायचं राहिलं. दाढीच्या खालच्या केसांना काहीतरी ओलं लागल्यासारखं वाटलं आणि मी फडकं खिशात घातलं. प्रकाशाचा खेळ असतो, मी स्वतःला सांगितलं. त्या खिडकीला रंगीत काचा आहेत.

४

घरी गेलो तर हयाम फुरंगटलेली.

"मागणी येणार होती तर मला आधी सांगायचं नाही? घरात साधी मिठाई नव्हती हो."

"कसली मागणी?"

"दुपारी बायका येऊन गेल्या शदाला बघायला. तुमच्याकडून शब्द मिळालाय म्हणाल्या."

मी झगा काढत होतो, तसाच थांबलो. "कोणाच्या घरच्या?"

"ते विचारलं, तर एकमेकींकडे बघितलं नुसतं. जुन्या वळणाच्या होत्या. ते आपल्या आजीच्या वेळचे लांब काळे पायघोळ नसतात का, दुमडून दुमडून नेसायचे? तसे. आजकाल लग्नातही कोणी घालत नाही. कॉफी दिली तर घेतली नाही. 'आमच्यात पिऊन झाली' म्हणाल्या."

शदा दारात उभी राहून संत्रं सोलत होती. तिला हसू आवरत नव्हतं. "बाबा, न विचारता देऊन टाकलंत मला? निदान मुलाची उंची तरी विचारायची."

"गप गं बाबा," मी म्हणालो. लहानपणापासून ती मला बाबा म्हणते आणि मीही तिला बाबाच म्हणतो. आमच्याकडे बापलेकरांत अशीच रीत आहे.

"एकीनं माझा हात धरला होता," ती म्हणाली. "कसला गार हात! आणि तोंड अगदी जवळ आणून बघत होती, आपण भाजी बघतो तशी. मी म्हटलं, दात पण दाखवू का?"

हयाम हसली. मीही हसलो, कारण हसलो नसतो तर तिला कारण सांगावं लागलं असतं. सोफ्यावर त्या बसल्या होत्या तिथे पांढरी पूड सांडली होती. मी हातानं झटकली. ती पिठासारखी मऊ नव्हती, रवाळ होती, आणि तिचा वास मला रोज सकाळी पुतळ्यांची तोंडं पुसताना येतो.

५

सकाळी इताफ येण्याआधी मी बैठकीत गेलो. शहाण्या माणसासारखं बोलायचं ठरवलं होतं. म्हाताऱ्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "ती थट्टा होती. परक्यांसमोर केलेली थट्टा. शब्द मी परत घेतो."

आवाज घुमला आणि विरला. धुऊन ठेवलेल्या पेल्यात पुन्हा ओला गाळ होता. पडद्यामागे बायकांच्या खोलीत जाऊन मी त्यांचे पायघोळ तपासले. आमच्या गल्लीत नळाचं काम चाललंय, तिथे लाल चिखल आहे. त्यांच्या काठांना तो चिखल होता. मी तिथेच खाली बसलो. आरशात मी दिसत होतो आणि माझ्यामागे त्या. आरशात बघताना मला त्यांच्यापैकी एकीचा हात पुढे आल्यासारखा वाटला. मागे वळून खात्री करून घेण्याइतकं धैर्य माझ्यात नव्हतं.

तिथून मी थेट सायल काकांकडे गेलो. आमच्या कुळात भांडण मिटवायचं, सोयरीक जुळवायची किंवा मोडायची तर त्यांच्याशिवाय पान हलत नाही. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते शिव्या घालतील, 'डोकं फिरलंय तुझं, चार दिवस झोप घे' म्हणतील. त्यासाठीच तर मी गेलो होतो.

ते म्हणाले, "लेका मिफ्लेह, लोक होते समोर?"

"पर्यटक होते, काका."

"पाहुणेच ना ते. मुलीचं नाव घेतलंस?"

"हो."

"एकदा?"

"दोनदा."

त्यांनी हातातली जपमाळ थांबवली. "आणि तो? त्यानं प्यायली?"

"पेला रिकामा आहे, काका. पण तो पुतळा आहे! प्लास्टरचा! मी स्वतः त्याचं तोंड पुसतो!"

"मी तो कशाचा आहे हे विचारलं नाही, मिफ्लेह. प्यायली का, ते विचारलं."

त्यांनी जपमाळ खाली ठेवली. म्हणाले, "न प्यालेला पेला परत घेता येतो. प्यालेला नाही. आता माझ्याकडे काय मागायला आलास?" माझ्यासाठी भरलेली कॉफी त्यांनी आपल्याच हातानं बाजूला सारली. आमच्या घराण्यात मला कोणी कधी असं उठवलं नव्हतं.

६

शुक्रवारी मी घराबाहेर पडायचं नाही असं ठरवलं. आमच्याकडे नवरी न्यायला वरात शुक्रवारी येते. शदाला सुट्टी होती. नमाजालाही मी गेलो नाही, तेव्हा हयामनं माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला काय झालंय ते एकदा सांगाल का?" मी म्हणालो, "कंबर धरलीय."

दुपारी मन्साफ झाला. भात, मटण, वरून दह्याची आंबट आमटी. शदानं हाडातली मज्जा काढून माझ्यापुढे ठेवली, नेहमीसारखी. "खा बाबा, कंबर सुटेल." मग ती भांडी घासायला गेली. हयाम आत पडली. मी सोफा ओढून बाहेरच्या दाराला लावला आणि त्यावर आडवा झालो. माझ्यावरून गेल्याशिवाय कोणी जाऊ शकलं नसतं.

खालून चढावर गाड्यांचे भोंगे ऐकू आले. दर शुक्रवारी ऐकू येतात. मला आठवतं ते इतकंच: भोंगे जवळ आले, त्यांच्यात ढोलाचा आवाज मिसळला, आणि स्वयंपाकघरातला नळ चालू होता.

जाग आली तेव्हा नळ तसाच वाहत होता. सोफा भिंतीला, त्याच्या रोजच्या जागी होता. मी त्याच्यावर होतो. दार सताड उघडं होतं.

मी शदाला हाक मारली. खोलीत, गच्चीवर, जिन्यात मारली. तिच्या चपला दारातच होत्या. हयाम उठून आली, कपाट उघडं बघितलं आणि म्हणाली, "तुमचा झगा कुठे आहे?"

समोर जिर्यिसची भाकरीची भट्टी आहे. मी अनवाणी धावत खाली गेलो. तो हात पुसत हसत बाहेर आला.

"मबरूक, अबू शदा! लाख लाख अभिनंदन! एवढ्या गुपचूप उरकलंत? शेजाऱ्याला एक हाक तरी मारायची."

"जिर्यिस, शदा दिसली का तुला?"

त्याचं हसू हळूहळू उतरलं. "असं काय विचारता? तुमच्याबरोबर तर गेली. झग्याखाली घेऊन तुम्हीच उतरवलंत की तिला. बाप नवरीला उतरवतो तसं." तो थांबला. "मी हात केला. तुम्ही बघितलं नाहीत, म्हटलं बापाचं मन आहे, भरून आलं असेल."

७

भट्टीच्या दारावर कॅमेरा आहे. पोलिसांनी ते चित्रण मला ठाण्यात दाखवलं, मग हयामला दाखवलं. त्यात एक माणूस आमच्या दारातून बाहेर येतो. खांद्यावर माझा झगा, चाल माझी, उजवा पाय किंचित फेकत टाकायची सवय माझी. झग्याखाली डोकं झाकलेली एक मुलगी, पाय अनवाणी. ती मध्येच थबकते. तो झगा पुढे ओढून तिला आणखी झाकून घेतो, अगदी हळुवार. मग चढाच्या वळणावर दोघं दिसेनासे होतात. गाड्या चित्रणात कुठेच नाहीत.

"हे तुम्ही आहात?" अधिकारी म्हणाला.

मी नाही म्हणालो. मग पुन्हा बघितलं आणि पुन्हा नाही म्हणालो.

मी विचार करून थकलो आहे. झोपेत चालणारी माणसं असतात. डोक्यात गाठ झाली की माणूस काहीही करतो आणि विसरतो, असं शदाच सांगायची. तसं असेल तर तिला मी कुठे नेलं? माझ्या तळव्यांना चिखल नव्हता, जाग आली तेव्हाच मी बघितलं होतं. हे मी हयामला सांगितलं, तर ती म्हणाली, "पाय धुतले असतील."

एवढं बोलून ती माहेरी निघाली. दारात वळली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिनं मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. म्हणाली, "कुठे ठेवलीस तिला? एवढंच सांग. जिवंत नसेल तरी सांग." मला वाटतं त्या वेळी तिला खोटं सांगितलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं.

८

पुरावा पुरेसा नाही म्हणून मला सोडलं आहे. आज सकाळी मी संग्रहालयात आलो. इताफ मला बघून उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत ती माझ्यासाठी कधी उभी राहिली नव्हती.

"तू कशाला आलास रे? घरी बस." मग तिला काहीतरी बोलावंसं वाटलं असणार. "ते कारखान्याचं सामान आलं वाटतं. मी सुट्टीवर होते, कोणी उतरवून घेतलं कोण जाणे. बापाचा पुतळा. आता तुला तिथे बसायचा त्रास नाही." तिनं नजर चोरली. "चेहरा बरा जमवलाय."

मी वर गेलो. यजमानाच्या गादीवर कोणीतरी बसलेलं होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. झग्याच्या काठाकडे बघितलं. त्रिकोणी डाग मांडीखाली दाबलेला होता, नेहमीसारखा, थोडासाच बाहेर.

मग माझ्या लक्षात आलं की आता एकच वाट उरली आहे, आणि ती आमचीच रीत आहे. मी किटली तापवून आणली. एक पेला भरला. पाहुण्यांच्या रांगेत म्हाताऱ्याच्या शेजारी थोडी जागा होती, नेमकी एका माणसापुरती. तिथे मांडी घातली आणि पेला न पिता समोर जमिनीवर ठेवला.

"माझी मुलगी मागायला आलोय," मी म्हणालो.

उत्तर समोरच्या यजमानानं द्यायचं होतं. घरचा धनी तो होता. मी हळूहळू नजर वर नेली, झग्यावरून छातीवर ठेवलेल्या हाताकडे, हनुवटीकडे, आणि तिथेच थांबलो. त्याचे ओठ किंचित उघडे आहेत. नुकतंच काहीतरी बोलून झालेल्या माणसाचे असतात तसे. ते शब्द बोलून झाले आहेत. त्या तोंडात दुसरे शब्द बनवलेले नाहीत.

तरी मी बसून राहिलो. इताफ एका गटाला घेऊन वर आली. मला बघून ती दारातच थांबली, पण पर्यटकांसमोर तिनं मला उठवलं नाही. मी सांगायचो तेच सांगत राहिली, की मागणं घेऊन आलेला माणूस कॉफी पीत नाही, यजमानाचा होकार येईपर्यंत पेला असा जमिनीवर राहतो. त्यांनी फोटो काढले. एक जण माझ्यासमोर वाकला, माझ्या पापण्या जवळून बघितल्या आणि बायकोला म्हणाला, "हा सगळ्यात हुबेहूब झालाय." मग हसत मला म्हणाला, "पी बाबा, दिलं तुला काय हवं ते."

माझा हात पेल्याकडे गेला नाही. ते द्यायचा त्या पर्यटकाला अधिकार नव्हता.

त्यांची पावलं जिन्यात विरली. खोली शांत झाली. तेव्हा पडद्यामागून, आरशाच्या बाजूनं, झोपेतून उठल्यासारखा आवाज आला.

"बाबा?"

ती शदाच होती. तो आवाज मी कुठेही ओळखीन. मी 'हो गं बाबा' म्हणायला तोंड उघडलं. त्याआधीच समोरच्या गादीवरून माझ्या आवाजात उत्तर गेलं, "हो गं बाबा, इथेच आहे." आणि आत ती समाधानानं गप्प झाली.

मी तिला पुन्हा पुन्हा हाका मारल्या. तिच्या बापानं एकदा ओ दिली होती. ती मला कशाला ओ देईल?

कॉफी गार झाली आहे. मी अजून उचललेली नाही.